भरदुपारी दिवा लागतो त्या घराचा हिशेब

मावशीकडे दुपारी बाराला गेलं तरी स्वयंपाकघरातला दिवा लागलेला असतो. तळमजला अधिक सात मजल्यांची इमारत, मावशीचं घर दुसऱ्या मजल्यावर. खिडकी आहे, खिडकीला जाळी आहे, जाळीत तुळशीची कुंडीसुद्धा आहे. पण समोर लगेच दुसऱ्या इमारतीची भिंत. मधल्या बोळात वरच्या मजल्यांवरून पडलेला कचरा आणि पाइपातून ठिबकणारं पाणी. तुळस दोन-तीन महिने तग धरते, मग मावशी नवी आणते.

पूर्वी ती रेल्वेरुळांच्या कडेला राहायची. रूळ वाढवायचे ठरलं, झोपडी गेली आणि हे घर मिळालं. एक पैसा न भरता. "पावसात घर गळत नाही गं, हे सुख मोठंच आहे," ती म्हणते, "पण कपडे वाळत नाहीत."

आमच्या भागातल्या लोकांना म्हाडाच्या सोडतीचे अर्ज भरायला मी गेली काही वर्षं मदत करते. अर्ज भरताना लोक एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात : काहींना घर फुकट कसं मिळतं, आणि आम्हाला पैसे देऊनही का मिळत नाही? या प्रश्नाचं उत्तर आणि मावशीच्या खिडकीसमोरची भिंत एकाच गणितातून निघतात. ते गणित अवघड नाही. मात्र ते कोणी समोर बसवून सांगत नाही, म्हणून हा लेख.

मजले हेच चलन

मुंबईत घरांचा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला एफएसआय येतो. मराठीत चटई क्षेत्र निर्देशांक. अर्थ सरळ आहे. तुमच्याकडे १,००० चौरस मीटरचा भूखंड आहे आणि एफएसआय १ आहे, तर सगळे मजले मिळून १,००० चौरस मीटर बांधकाम करता येतं. एफएसआय ३ असेल तर ३,०००. जमीन तेवढीच राहते, तिच्यावर किती बांधायचं तो आकडा सरकार ठरवतं.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत हा आकडा शहरात १.३३ आणि उपनगरांत १ होता. जगातल्या इतक्या दाट शहरासाठी हे फारच कमी. कमी ठेवल्यामुळे एक गोष्ट घडली : वरचा प्रत्येक जादा मजला मौल्यवान झाला, आणि तो देण्याचा अधिकार सरकारच्या हातात राहिला. तिजोरीतून रोख रक्कम काढून गरिबांची घरं बांधण्याऐवजी सरकार बिल्डरला सांगू शकतं, 'तू यांची घरं बांधून दे, बदल्यात तुला विकायला जादा मजले देतो.' मुंबईतल्या परवडणाऱ्या घरांच्या बहुतेक योजना, नाव कोणतंही असो, याच एका वाक्यावर उभ्या आहेत.

झोपडपट्टी पुनर्वसन योजना म्हणजे आपली एसआरए डिसेंबर १९९५ मध्ये आली. त्याआधी १९८५ मध्ये धारावीसह मुंबईसाठी केंद्राने १०० कोटींचं अनुदान दिलं होतं, पंतप्रधान अनुदान प्रकल्प. तो सरकारी पैसा होता. मग १९९१ ची योजना आली, तिच्यात बिल्डरला २५ टक्के नफ्याची मर्यादा होती आणि झोपडीधारकाला थोडे पैसे भरावे लागायचे. १९९५ ला नफ्याची मर्यादाही गेली आणि घर पूर्ण फुकट झालं. तेव्हा ते २२५ चौरस फुटांचं होतं, पुढे २६९ झालं, आता ३०० आहे.

आता गणित करू. खालचे आकडे समजण्यासाठी मी धरलेले आहेत, कोणत्याही एका प्रकल्पाचे नाहीत.

उपनगरात २०० झोपड्यांची वस्ती आहे. प्रत्येकाला ३०० चौरस फूट, म्हणजे ६०,००० चौरस फुटांची घरं. भिंती, जिने, लिफ्ट, पॅसेज, बालवाडी, सोसायटीचं ऑफिस धरलं की ८०,००० चौरस फूट बांधकाम. हा झाला पुनर्वसन घटक. सुरुवातीच्या नियमाने उपनगरात जेवढं पुनर्वसनाचं बांधकाम तेवढंच विक्रीचं मिळायचं. शहरात दहाला साडेसात, धारावीसारख्या अवघड जागी दहाला सव्वातेराच्या वर. (हल्ली हे प्रमाण जमिनीचा दर आणि बांधकामाचा दर यांच्या गुणोत्तरावर ठरतं. जमीन स्वस्त तिथे बिल्डरला जास्त मजले.) आपण दहाला दहा धरू. म्हणजे विक्रीसाठीही ८०,००० चौरस फूट.

एकूण १,६०,००० चौरस फूट, फुटाला ४,००० रुपये खर्च धरला तर ६४ कोटी. बांधकाम चालू असताना २०० कुटुंबांना दुसरीकडे राहायचं भाडं द्यावं लागतं. महिना १५,००० प्रमाणे तीन वर्षं, म्हणजे सुमारे ११ कोटी. प्रीमियम (जादा बांधकामासाठी सरकारला द्यायची रक्कम), परवानग्या, कर्जाचं व्याज मिळून २५ कोटी. बेरीज १०० कोटी.

विक्रीची घरं फुटाला २५,००० ने गेली तर हातात येतात २०० कोटी. १५,००० ने गेली तर १२० कोटी. १०,००० ने गेली तर ८० कोटी, म्हणजे २० कोटी खड्ड्यात.

एवढ्या बेरीज-वजाबाकीत बरंच काही दिसतं. पार्ल्याच्या किंवा अंधेरीच्या झोपडपट्टीत बिल्डर संमतीपत्रं घेऊन दारोदार का फिरतात आणि मानखुर्दच्या वस्तीत कोणी का फिरकत नाही, ते दिसतं. वस्ती किती वाईट अवस्थेत आहे याने योजनेचा क्रम ठरत नाही, शेजारच्या जमिनीचा दर काय याने ठरतो. बाजार बसला की प्रकल्प का थांबतात, तेही दिसतं. झोपड्या पाडून झाल्या, माणसं भाड्याच्या घरात गेली, आणि विक्रीची घरं उठेनात. मग पहिली कात्री लागते ती भाड्याच्या चेकला. दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा करा आणि तिसऱ्या वर्षाचे पुढच्या तारखांचे चेक द्या, अशी अट झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाला घालावी लागली ती याच अनुभवातून. आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई उच्च न्यायालयाला सांगितलं की झोपडपट्टी कायद्याची अंमलबजावणी प्रत्यक्षात कशी चालली आहे त्याचा आढावा घ्या. १९९५ ला पाच वर्षांत ८ लाख घरांची, ४० लाख माणसांची गोष्ट बोलली गेली होती. तीस वर्षांत त्याच्या निम्मी घरंही झालेली नाहीत.

आणि 'फुकट' या शब्दाचाही हिशेब लागतो. आपल्या उदाहरणात पुनर्वसनाच्या घरांचं बांधकाम आणि भाडं मिळून ४३ कोटी झाले. २०० घरांवर वाटले तर एका घराला २१ लाखांच्या वर. हे पैसे सरकारने दिले नाहीत, बिल्डरने खिशातून दिले नाहीत. ते विक्रीच्या इमारतीत घर घेणाऱ्याने दिले, फुटामागे ५,००० रुपयांहून जास्त. वीस वर्षांचा हप्ता भरत त्या टॉवरमध्ये राहणाऱ्या शिक्षिकेच्या किंवा बँकेतल्या कारकुनाच्या कर्जात खालच्या पुनर्वसन इमारतीची एक खोली दडलेली आहे. दोन्ही इमारतींतल्या लोकांना हे माहीत नसतं. दोघांची दारं वेगळी, लिफ्ट वेगळी, बरेचदा मध्ये कुंपणाची भिंतही. एकमेकांबद्दल राग मात्र असतो. तो पाहिला की मला वाटतं, निदान हिशेब तरी दोघांच्या नोटीस बोर्डावर लावावा.

मावशीसारख्या प्रकल्पग्रस्तांच्या वसाहतींत थोडा फरक असतो. तिथे विक्रीचा टॉवर त्याच जागेवर नसतो. बिल्डर आपल्या जागेवर घरं बांधून सरकारला देतो आणि बदल्यात त्याला टीडीआर म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क मिळतो. एक कागद, ज्यावर लिहिलेलं असतं की एवढं बांधकाम तू दुसरीकडे कर किंवा हा हक्क दुसऱ्याला विक. घर गोवंडी-मानखुर्दला बांधायचं आणि त्याचा टीडीआर महागड्या उपनगरात वापरायचा. यात बिल्डरचा फायदा कशात? जितकी जास्त घरं एका जागेत बसवली तितका जास्त टीडीआर. ती घरं त्याला कोणाला विकायची नसतात. गिऱ्हाईक येऊन खिडकी उघडून बघणार नसतं.

शंभर वर्षांपूर्वीचा उजेडाचा नियम

१८९६ ला मुंबईत प्लेग आला. अंधाऱ्या, कोंदट चाळींत माणसं मेली. दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट यांसारखे रस्ते वस्त्या चिरून काढले गेले, दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या गेल्या, ट्रस्टच्याच नावाच्या बीआयटी चाळी बांधल्या गेल्या. या ट्रस्टचे प्रमुख जे. पी. ऑर यांनी १९१२ च्या सुमारास एका नियमाचा हट्ट धरला होता : साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. खोलीच्या खिडकीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढली, तर ती साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा उभी असता कामा नये. सोप्या शब्दांत, समोरची इमारत जेवढी उंच, तिच्या निम्मं तरी अंतर मध्ये मोकळं हवं. तेवढं असलं की तळमजल्यावरही आकाशाचा तुकडा दिसतो.

आता मावशीच्या इमारतीला हा नियम लावू. तळमजला अधिक सात, म्हणजे २४ मीटरच्या आत. ऑरच्या हिशेबाने मध्ये १२ मीटर हवेत. एसआरएच्या नियमात २४ मीटरपर्यंतच्या पुनर्वसन इमारतीला ३ मीटर मोकळी जागा चालत होती. तीन मीटर म्हणजे एक ट्रक जेमतेम जाईल एवढी गल्ली.

का चालत होती? मघाच्याच गणितामुळे. पुनर्वसनाच्या इमारती भूखंडाच्या एका कोपऱ्यात दाटीने बसवल्या की उरलेली जागा विक्रीला मोकळी होते. नियमात घनतेची कमाल मर्यादा असावी असं आपल्याला वाटेल. इथे उलट किमान मर्यादा आहे : हेक्टरी किमान ६५० घरं. त्याहून कमी बसत असतील तर उरलेली घरं बांधून प्रकल्पग्रस्तांसाठी द्यायची. विचार चांगला आहे, जास्त लोकांना घर मिळावं. पण जिथे मुळात जागेची ओढाताण, तिथे हा नियम उजेडावरच येतो.

आतली रचनाही पैशानेच ठरते. एका जिन्यावर आणि एका लिफ्टवर जितकी जास्त घरं, तितका खर्च कमी. म्हणून मध्ये लांबच लांब पॅसेज आणि दोन्ही बाजूंना दारं. अशा घराला एकाच बाजूला खिडकी मिळते, वारा आत येतो पण बाहेर जायला वाट नसते. संडास-मोरीची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या पोटातल्या चिमणीसारख्या पोकळीत. पॅसेजला शेवटच्या टोकाला एक जाळी, बाकी ट्यूबलाइट. आणि सोसायटीने बिल भरलं नाही की तीही बंद.

डॉक्टर्स फॉर यू या संस्थेचा २०१८ चा अभ्यास आहे. मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड, गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी वसाहत, या तीन पुनर्वसन वसाहतींत त्यांनी घरात येणारा उजेड, वारा आणि क्षयरोगाचे रुग्ण यांची सांगड घातली. पहिल्या दोन वसाहतींत इमारती एकमेकींना खेटून आहेत, तिसरीत तुलनेने मोकळी जागा आहे. क्षयरोगाचं प्रमाण पहिल्या दोन ठिकाणी कितीतरी जास्त निघालं, आणि खालच्या मजल्यांवर, जिथे आकाश दिसत नाही तिथे, धोका अधिक. प्लेगने शिकवलेलं शहर शंभर वर्षांनी क्षयाने पुन्हा तेच शिकत होतं. मावशीच्या मजल्यावरच्या तीन घरांत टीबीची औषधं चालू आहेत. ती नावं घेऊन सांगते, आणि कोणाचा कोर्स अर्धवट राहिला तेही.

घर मिळाल्यावरचा खर्च हा या हिशेबातला आणखी एक अंधारा कोपरा. झोपडीत लिफ्ट नव्हती, पंप नव्हता, पाण्याच्या टाकीची सफाई नव्हती. इमारतीत हे सगळं आलं आणि त्याचं दर महिन्याचं बिलही. सुरुवातीच्या नियमात बिल्डरने प्रत्येक घरामागे २०,००० रुपये ठेव म्हणून भरायचे होते, तिच्या व्याजातून देखभालीला हातभार लागावा म्हणून. महिन्याला त्याचं व्याज शंभर-दीडशे रुपये. लिफ्टचा एक दोर बदलायला किती लागतात ते सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा. मावशीच्या इमारतीतली लिफ्ट दीड वर्ष बंद होती. सातव्या मजल्यावरच्या एका आजींनी त्या दीड वर्षात खाली येणं सोडून दिलं होतं.

भाड्याची खोली कुठे गेली

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, मग सरकारने स्वतःच बांधावीत घरं. बांधली होती. १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं, आपल्या बीडीडी चाळी त्याच्याच. पैसा कुठून आला बघा : कर्जरोखे काढले, आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर लावला. गिरण्यांना कामगार हवेत, तर गिरण्यांच्या कापसानेच त्यांच्या खोल्यांचा भार उचलावा. मला हा विचार फार सरळ वाटतो. ५०,००० खोल्यांची योजना होती. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या, प्रत्येकीत ८० खोल्या, म्हणजे साधारण साडेसोळा हजार. खर्च वाढला, भाडी कामगाराला जड गेली, सुरुवातीची कित्येक वर्षं खोल्या रिकाम्या राहिल्या आणि योजना गुंडाळली. पण उभ्या राहिल्या त्या चाळींनी १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन-चार पिढ्या वाढवल्या. आता त्यांचा पुनर्विकास चालू आहे, १६० च्या जागी ५०० फूट. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. तिथलंही गणित मजल्यांचंच. फक्त जमीन सरकारची, विकासक म्हाडा आणि वरळीसारखी जागा, म्हणून रहिवाशाला ५०० फूट देणं जमलं.

खाजगी चाळींचं काय झालं ते घराघरात माहीत आहे. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला गोठवली. युद्धानंतरच्या महागाईत भाडेकरूला ते संरक्षण लागतच होतं. पण पाच-दहा रुपये भाड्यात मालक दुरुस्ती करेना, नवी चाळ तर कोणीच बांधेना. पागडी आली. इमारती कोसळायला लागल्या तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ आलं आणि उपकर. त्या वेळी उपकरप्राप्त इमारती १९,००० च्या वर होत्या. शहरात नव्याने आलेल्या माणसाला भाड्याने परवडणारी खोली मिळण्याचा रस्ता तिथे बंद झाला आणि झोपडपट्टीचा रुंद झाला. २००८ मध्ये एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, १६० फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना काढली होती, पण ती रुजली नाही. त्यातली बरीच घरं पुढे गिरणी कामगारांना विकत देण्याकडे वळवली.

गिरण्यांची जमीन ही माझ्या मते या शहराने हातची घालवलेली सगळ्यात मोठी संधी. घराच्या किमतीतला सगळ्यात मोठा वाटा जमिनीचा, आणि इथे शहराच्या मधोमध सुमारे ६०० एकर एकाच वेळी मोकळी होणार होती. १९९१ चा नियम होता : एक तृतीयांश मालकाला, एक तृतीयांश महापालिकेला मैदानं-बागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी. २००१ मध्ये एक छोटीशी दुरुस्ती झाली. वाटणी सगळ्या जमिनीची करायची नाही, फक्त जिथे बांधकाम नव्हतं त्या मोकळ्या जागेची. गिरणीत मोकळी जागा ती किती? म्हाडाचा वाटा आटला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, २००६ मध्ये ती दुरुस्ती कायम झाली. २०१२ मध्ये गिरणी कामगारांच्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरं होती, २२५ फुटांची, किंमत साडेसात लाख. अर्जदार होते दीड लाखाच्या आसपास. आता परळ-लोअर परळच्या काचेच्या टॉवरांकडे बघताना मला तो 'मोकळी' शब्द आठवतो.

म्हाडाच्या सोडतीबद्दल थोडं, कारण ते माझं रोजचं काम. म्हाडा १९७७ ला सुरू झाली. तिच्याकडे पैसा येतो तीन वाटांनी : आपल्या जमिनीवर बांधून विकलेली घरं, जुन्या वसाहतींच्या पुनर्विकासात सोसायट्या-बिल्डरांकडून मिळणारा प्रीमियम, आणि बिल्डरांनी नियमाप्रमाणे तिच्या हवाली केलेली घरं. मोठी घरं महाग विकून लहान स्वस्त ठेवायची, अशी आतल्या आत भर. म्हणून २०२३ च्या सोडतीत ताडदेवला साडेसात कोटींचं घरही होतं, आणि लोकांनी त्यावर खूप टीका केली. माझं लक्ष मात्र त्याच सोडतीतल्या गोरेगावच्या पहाडी भागातल्या घरांवर होतं. अत्यल्प उत्पन्न गटाची, पंतप्रधान आवास योजनेतली, किंमत सुमारे ३० लाख. त्यात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख अनुदान.

हप्ता मांडून बघा. तीन लाख स्वतःचे, २७ लाख कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं. महिन्याला २३,४०० रुपये. मुंबईत अत्यल्प गटाची मर्यादा वर्षाला ६ लाख, म्हणजे महिना ५०,०००. मर्यादेच्या अगदी टोकावरच्या कुटुंबाचाही जवळजवळ निम्मा पगार गेला. या योजनेची देशातली मर्यादा ३ लाख होती, ती मुंबई महानगरासाठी ६ लाख केली गेली, कारण ३ लाखवाल्याला हे घर घेताच येत नव्हतं. किंमत खाली येईना, म्हणून गरिबीची व्याख्या वर नेली. माझ्याकडे येणाऱ्या घरकाम करणाऱ्या बाया, वॉचमन, डिलिव्हरीची पोरं महिना वीस-पंचवीस हजारांत घर चालवतात. मी त्यांचा उत्पन्नाचा दाखला लावते, अधिवासाचा दाखला लावते, अनामत भरायला सांगते, आणि मनात मला ठाऊक असतं की नंबर लागला तरी बँक यांना दारात उभं करणार नाही. २०२४ च्या मुंबईच्या सोडतीत २,०३० घरं आणि अनामत भरलेले १ लाख १३ हजार अर्जदार होते. तरी लोक भरतात. मीही भरून देते.

एक वेगळा रस्ता या शहरात चालून झालेला आहे, आणि त्याची आठवण कोणी काढत नाही म्हणून सांगते. कांदिवलीचं चारकोप आणि बोरिवलीचं गोराई. १९८५ पासून जागतिक बँकेच्या कर्जातून तिथे घरं नव्हे तर छोटे भूखंड दिले गेले, पंचवीस-चाळीस चौरस मीटरचे. जोतं घातलेलं, नळ, संडास आणि गटार जोडलेलं. वरचं घर ज्याचं त्याने बांधायचं, जमेल तसं. आधी पत्रा, मग स्लॅब, मग वरची खोली. पस्तीस कुटुंबांची एक सोसायटी, घरांच्या मधोमध अंगण. पैसा कसा जमवला? त्याच जमिनीवरचे मोठे भूखंड आणि दुकानाच्या जागा चढ्या भावाने विकून. बिल्डर मध्ये नाही, लिफ्ट नाही, पंप नाही. आजही चारकोपच्या त्या गल्ल्यांतून चाला : दारात सायकली, अंगणात वाळवण, आणि तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात ऊन. मूळ लोकांपैकी बरेच जण घर विकून गेले हे खरं, आणि एवढी मोकळी सरकारी जमीन आता मुंबईत सहज मिळणार नाही हेही खरं. पण कमी पैशात बांधलेलं घर अंधारंच असायला हवं असं नाही, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

माझा मावसभाऊ विक्रोळीला म्हाडाच्या एका जुन्या वसाहतीत राहतो. त्यांच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरतोय, गेल्या महिन्यात बिल्डरने सभेत नकाशे दाखवले. सभेत सगळे प्रश्न कार्पेट किती, कॉर्पस किती, भाडं किती, पार्किंग मिळणार का, असेच. दोन इमारतींच्या मध्ये किती मीटर, हे कोणी विचारलं नाही. भावानेही नाही. त्याने नकाशाचा फोटो आईला, म्हणजे मावशीला, पाठवला. तिला मोबाइलवर ती रेघांची गर्दी कळेना. चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणि मला विचारलं, "यात उगवती कुठे गं?"

मी उत्तरेचा बाण शोधला, फोन आडवा धरला आणि बोट ठेवून दाखवलं. उगवतीला विक्रीचा टॉवर होता.